हीट पंपावर बर्फाची लादी : दुरुस्ती करावी की नवीन यंत्रणाच बसवावी?

मोगरा | १९ जानेवारी २०२५

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे राहतो. आमचे घर २००९ सालचे आहे आणि हीट पंप आधीच्या मालकांनी २०११ मध्ये बसवून घेतला होता. तो ३ टनांचा असून त्यात उष्णता वाहून नेणारा आर-४१०ए हा वायू आहे, आणि घरातल्या एअर हँडलरमध्ये (हवा फिरवणाऱ्या पेटीत) १० किलोवॉटचा विजेचा हीटर आहे.

थंडी वाढल्यापासून, म्हणजे गेले दहा दिवस, थर्मोस्टॅटवर ‘ऑक्झिलरी हीट’ (विजेचा हीटर मदतीला लागल्याची खूण) ही अक्षरे जवळजवळ दिवसभर दिसत आहेत. बाहेरचे युनिट बर्फाने असे माखले आहे की लहानपणी साताऱ्यात रसवंतीवाल्याकडे भुशात ठेवलेली बर्फाची लादी आठवावी. वीज कंपनीच्या ॲपवर पाहिले तेव्हा आमचा रोजचा वापर ४० युनिटवरून १३० युनिटवर गेलेला दिसला.

काल एका स्थानिक कंपनीचा तंत्रज्ञ येऊन गेला. त्याने पंधरा मिनिटे युनिटभोवती फिरून सांगितले की वायू गळला आहे, कॉइल जुनी झाली आहे आणि चौदा वर्षांच्या यंत्रावर पैसे घालणे व्यर्थ आहे. नव्या यंत्रणेसाठी त्याने १४,२०० डॉलरचे कोटेशन दिले असून सोमवारपर्यंत सही केल्यास ८०० डॉलर कमी होतील असेही सांगितले. घरात सासूबाई आहेत आणि चार वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे फार दिवस थांबण्याची हिंमत होत नाही. तरीही एकही पाइप न तपासता दिलेला हा निर्णय मनाला पटत नाही. तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसाने अशा वेळी खरे काय ते कसे ओळखावे?

---

हिशेबनीस | १९ जानेवारी २०२५

माझे मत स्पष्टपणे मांडतो. इकडे एक ढोबळ नियम वापरला जातो : यंत्राचे वय गुणिले दुरुस्तीचा खर्च हा आकडा ५,००० च्या वर गेला तर यंत्र बदलावे. तुमच्या बाबतीत दुरुस्ती ४०० डॉलरची निघाली तरी १४ गुणिले ४०० म्हणजे ५,६०० होतात. शिवाय ठरावीक कार्यक्षमतेच्या हीट पंपावर सध्या खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर, इतकी केंद्रीय कर-सवलत मिळते. आज ना उद्या हा खर्च होणारच आहे. फक्त त्याच कंपनीवर विसंबू नका, आणखी दोन कोटेशने घ्या.

---

शीतयंत्री | १९ जानेवारी २०२५

मोगराताई, कृपया सोमवारी सही करू नका. मी सव्वीस वर्षे शीतकरणाच्या कामात आहे, आधी पुण्यात शीतगृहांवर काम केले आणि आता रिचमंडमध्ये घरगुती यंत्रणांचे काम करतो. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून वायूगळती झाली असे म्हणता येत नाही. तसे असेलही, पण ते मोजून सिद्ध करावे लागते, आणि तुमच्याकडे कोणी काही मोजलेलेच नाही.

आधी हे यंत्र हिवाळ्यात काय करते ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय बर्फाचा अर्थ लागत नाही. उन्हाळ्यात घरातील उष्णता बाहेर टाकणारे हेच यंत्र हिवाळ्यात उलटे चालते आणि बाहेरच्या हवेतून उष्णता गोळा करून घरात आणते. ही दिशा ‘रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह’ नावाची झडप बदलते. बाहेर ३५ अंश फॅरनहाइट तापमान असताना त्या हवेतून उष्णता ओढायची, तर बाहेरची कॉइल त्याहूनही थंड असावी लागते. साहजिकच ती गोठणबिंदूच्या खाली जाते आणि हवेतील बाष्प तिच्यावर दंवासारखे जमते. म्हणून हिवाळ्यात कॉइलवर पांढरे दंव दिसणे हा बिघाड नव्हे.

हे दंव काढण्यासाठी ‘डीफ्रॉस्ट’ची सोय असते. तुमच्या वयाच्या बहुतेक यंत्रांत कॉइलच्या पाइपवर एक छोटा तापमान-स्विच चिकटवलेला असतो. पाइप साधारण ३० अंशांच्या आसपास आला की तो जोडला जातो, आणि त्यानंतर यंत्र ३०, ६० किंवा ९० मिनिटे चालले (ही मुदत बोर्डावर निवडता येते) की बोर्ड डीफ्रॉस्ट सुरू करतो. झडप फिरते, बाहेरचा पंखा थांबतो, कॉम्प्रेसरचा गरम वायू बाहेरच्या कॉइलमध्ये शिरतो आणि दंव वितळून वाफेचा मोठा लोट उठतो. त्या काही मिनिटांत घरात थंड हवा येऊ नये म्हणून आतला विजेचा हीटर लागतो. पुष्कळ लोक तो लोट पाहून आग लागली म्हणून घाबरतात, पण ते निरोगी यंत्राचे लक्षण आहे.

आता तुमच्यासाठी चार प्रश्न आहेत. बर्फ संपूर्ण कॉइलवर सारखा आहे, की फक्त खालच्या भागावर आहे आणि वरचा भाग कोरडा आहे? गेल्या दहा दिवसांत एकदा तरी तो वाफेचा लोट दिसला का? बाहेरचा पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही चालतात का? छताच्या पन्हळीतून युनिटवर पाणी ठिबकते का?

तोपर्यंत थर्मोस्टॅट ‘इमर्जन्सी हीट’वर, म्हणजे पंप बंद आणि फक्त विजेचा हीटर चालू, असा ठेवा. वीज जास्त लागेल, पण घर गरम राहील आणि कॉम्प्रेसरवरचा ताण थांबेल. बाहेरच्या भिंतीवरील डिस्कनेक्ट (युनिटची वीज तोडणारा खटका) काढून कोमट पाणी हळूहळू ओतून बर्फ वितळवता येतो. सुरी, कालथा किंवा पेचकस मात्र लावू नका. कॉइलची नळी फार पातळ असते, आणि आज नसलेली गळती तुमच्याच हातून होईल.

---

कोथरूडकर | २० जानेवारी २०२५

वाचून एक शंका आली. आमच्या सोसायटीत गच्चीवर आंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप बसवला आहे. त्याच्यावर बर्फ कधीच दिसला नाही. हे यंत्र वेगळे असते का?

---

शीतयंत्री | २० जानेवारी २०२५

तत्त्व तेच आहे, हवामान वेगळे आहे. पुण्यातील हिवाळ्यातली पहाटसुद्धा क्वचितच ८-९ अंश सेल्सिअसच्या खाली जाते, त्यामुळे कॉइल गोठेल इतकी थंड होण्याची वेळ सहसा येत नाही. तुमच्याकडचा शत्रू बर्फ नसून क्षार आहेत. बोअरचे पाणी वापरत असाल तर उष्णता-विनिमयकात थर साचतो, पाणी तापायला वेळ लागू लागतो आणि मग कोणीतरी येऊन ‘गॅस कमी झालाय’ असे सांगते. त्याआधी एकदा आतून धुऊन घ्या.

---

मोगरा | २० जानेवारी २०२५

शीतयंत्री, मनापासून आभार. तुमच्या प्रश्नांची उत्तरे देते. बर्फ संपूर्ण कॉइलवर, चारही बाजूंनी, जवळजवळ सारख्या जाडीचा होता. वाफेचा लोट या हिवाळ्यात एकदाही पाहिलेला नाही, आणि मागच्या वर्षी तो दिसत असे हे तुम्ही लिहिल्यावर आठवले, कारण मुलगा खिडकीशी उभा राहून ‘ढग आला’ असे ओरडायचा. पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही चालतात. पन्हळ दुसऱ्या बाजूला आहे.

काल दुपारी डिस्कनेक्ट काढून पाच बादल्या कोमट पाणी ओतले आणि दोन तासांनी यंत्र पुन्हा सुरू केले. बाहेर ४१ अंश होते. स्वयंपाकघरातील थर्मामीटरने आत जाणाऱ्या हवेचे तापमान ६६ आणि झरोक्यातून येणाऱ्या हवेचे ८५ अंश मिळाले, आणि थर्मोस्टॅटवर ऑक्झिलरीची खूण नव्हती. रात्री मात्र पुन्हा बर्फ धरू लागला.

---

शीतयंत्री | २० जानेवारी २०२५

ताई, तुम्ही त्या तंत्रज्ञापेक्षा जास्त तपासणी केली आहे. विजेच्या हीटरविना १९ अंशांचा फरक मिळतो याचा अर्थ कॉम्प्रेसर दाब निर्माण करत आहे आणि यंत्रात काम चालण्याइतका वायू आहे. वायू बराच कमी असता तर दंव प्रामुख्याने कॉइलच्या ज्या भागात वायू प्रथम शिरतो तिथे, बहुधा खाली, धरले असते आणि उरलेली कॉइल कोरडी राहिली असती. चारही बाजूंनी सारखी लादी म्हणजे दंव धरते आहे पण उतरत नाही. दोष डीफ्रॉस्टच्या वाटेवर कुठेतरी आहे : तो स्विच, तो बोर्ड, नाहीतर ती झडप.

दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावताना फोनवरच सांगा की तुम्हाला ‘सक्तीचा डीफ्रॉस्ट’ करून पाहायचा आहे. अनेक बोर्डांवर चाचणीसाठी दोन पिना असतात आणि त्या क्षणभर जोडल्या की मुदतीची वाट न पाहता डीफ्रॉस्ट सुरू होतो. तसे केल्यावर बर्फ वितळला तर झडप आणि कॉम्प्रेसर ठणठणीत आहेत, आणि संशय फक्त स्विच व बोर्ड यांच्यावर उरतो. हे काम तुम्ही स्वतः करू नका. आत २४० व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो.

---

प्राजक्त | २१ जानेवारी २०२५

माझा अनुभव सांगते, कारण मी नेमकी तीच चूक केली जी मोगरा टाळू पाहत आहेत. आम्ही डॅलसजवळ राहतो. २०२१ मध्ये आमचे ३ टनांचे यंत्र घर पुरेसे थंड करत नव्हते. कंपनीने सांगितले की यंत्र लहान पडते, म्हणून आम्ही ४ टनांचे घेतले. पहिल्याच उन्हाळ्यात घर आठ मिनिटांत थंड होऊन यंत्र थांबू लागले, पण हवेतील दमटपणा तसाच राहिला, कारण बाष्प काढायला यंत्राला सलग चालावे लागते. चादरी सतत ओलसर लागत. दोन वर्षांनी दुसऱ्या एका तंत्रज्ञाने माळ्यावर जाऊन पाहिले तेव्हा परतीच्या हवेचा मुख्य डक्ट एका सांध्यावर सुटलेला होता आणि ऑगस्टमधली माळ्यावरची तापलेली हवा यंत्र आत ओढत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत झाली. सांधा जोडून घ्यायला ३५० डॉलर लागले आणि नको असलेले मोठे यंत्र अजून आमच्याकडेच आहे.

म्हणून मोगरा, यंत्र बदलायची वेळ आली तरी आधी घराच्या उष्णताभाराचे गणित लेखी मागा. त्याला इकडे ‘मॅन्युअल जे’ म्हणतात. ‘जुने ३ टन होते म्हणून नवे ३ टन’ हे गणित नव्हे.

---

ओटावाकर | २१ जानेवारी २०२५

प्राजक्त यांच्याशी सहमत आहे, मात्र थंड प्रदेशात हा विचार थोडा बदलतो. आमच्याकडे उणे २५ सेल्सिअसपर्यंत चालणारा इन्व्हर्टर हीट पंप आहे आणि त्याच्या जोडीला जुनी गॅस भट्टी ठेवली आहे. जसजशी थंडी वाढते तसतशी घराची गरज वाढते आणि पंपाची क्षमता घटते, आणि या दोन रेषा जिथे छेदतात त्या तापमानाखाली मदतनीस लागतोच. म्हणून नुसती ‘ऑक्झिलरी’ची खूण दिसली म्हणजे बिघाड, असेही समजू नये. कडाक्याच्या पहाटे ती दिसणारच. ४१ अंश फॅरनहाइटलाही दिसत असेल तर मात्र काहीतरी चुकते आहे.

---

हिशेबनीस | २१ जानेवारी २०२५

चर्चा उत्तम चालली आहे, पण माझ्या मूळ मुद्द्याला उत्तर मिळालेले नाही. चौदा वर्षांच्या यंत्राचा स्विच आज बदलला आणि पुढच्या जानेवारीत कॉम्प्रेसर गेला, तर हेच कोटेशन आणखी महाग झालेले असेल आणि घर तितकेच थंड असेल.

---

शीतयंत्री | २२ जानेवारी २०२५

हिशेबनीस, तुमची भीती योग्य आहे आणि चौदा वर्षांचे यंत्र तरुण आहे असे मीही म्हणणार नाही. या यंत्रांचे आयुष्य सामान्यतः पंधरा वर्षांच्या आसपास धरले जाते. पण तो ५,००० चा नियम दुरुस्तीनंतर यंत्र किती विश्वासार्ह होईल याचा विचारच करत नाही. चाळीस डॉलरचा स्विच खराब झाला म्हणून कॉम्प्रेसर दुबळा ठरत नाही. गळकी कॉइल किंवा कॉम्प्रेसरची मोटर जळाल्यामुळे आम्ल झालेले तेल ही गोष्ट वेगळी, कारण तिथे एक बिघाड दुसऱ्याला जन्म देतो.

आणि सर्वांत महाग खरेदी ती असते जी माणूस थंडीने कुडकुडत असताना करतो. जानेवारीत तीन कोटेशने घ्यायला, गणित मागायला, डक्ट तपासायला कोणाकडेही वेळ नसतो, आणि कंपन्यांना हे चांगले ठाऊक असते. दोनशे-तीनशे डॉलरमध्ये वसंतापर्यंतचा अवधी विकत मिळत असेल तर तो खर्च वाया गेला असे मी कधीच मानणार नाही.

---

रेडिंगवासी | २३ जानेवारी २०२५

इंग्लंडमधील अनुभव थोडा निराळा आहे, पण मुद्दा तोच आहे. इथे बहुतेक घरांत हवेचे डक्ट नसतात. हीट पंप पाणी गरम करतो आणि ते रेडिएटरमधून फिरते. गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवण्यासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते आणि आम्ही ते घेतले. पहिल्या हिवाळ्यात घर १७ अंशांच्या वर जाईना. बसवणाऱ्यांनी आधी पाण्याचे तापमान ५५ सेल्सिअसवर नेले, त्याने बिल वाढले, आणि नंतर यंत्र लहान पडते असे सांगू लागले. प्रत्यक्षात गाळाने चुंबकीय फिल्टर तुंबला होता आणि वरच्या मजल्यावरचे पाइप १० मिलिमीटरचे असल्यामुळे पुरेसे पाणी फिरतच नव्हते. फिल्टर साफ केला, दोन पाइप जाड केले, आणि आता ४२ अंशांच्या पाण्यावर घर उबदार राहते. हवा असो वा पाणी, प्रवाह तपासल्याशिवाय यंत्राला दोष देऊ नये असे मी यातून शिकलो.

---

मोगरा | २५ जानेवारी २०२५

सर्वांना कळवताना आनंद होतो आहे. काल दुसरा तंत्रज्ञ आला. तो एकटाच व्यवसाय करतो, आणि फोनवर ‘सक्तीचा डीफ्रॉस्ट’ म्हटल्यावर त्याने लगेच विचारले की तुमच्या घरात कोणी या धंद्यात आहे का. मी सांगितले की आमचे एक बंधू रिचमंडला आहेत. शीतयंत्री, तुम्ही हे नाते मान्य कराल अशी आशा आहे.

त्याने पिना जोडताच झडप फिरल्याचा जोराचा आवाज आला, पंखा थांबला आणि सहा-सात मिनिटांत सगळा बर्फ वाफ होऊन उडाला. मुलाला त्याचा ढग परत मिळाला. मग त्याने स्विच तपासला. पाइपचे तापमान १८ अंश होते, म्हणजे स्विच जोडलेला असायला हवा होता, पण मीटरवर तो उघडाच दिसत होता. त्याने नवा स्विच बसवला, तळाच्या भोकांत अडकलेली पाने काढली आणि कपॅसिटर मोजला. त्यावर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेले होते आणि मीटरवर ४४ आले, म्हणून तो बदलला नाही. एकूण बिल २४५ डॉलर झाले.

एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे सांगितली. त्याला वायू किंचित कमी वाटतो आहे, पण या थंडीत नुसत्या दाबावरून ते खात्रीने सांगता येणार नाही. सगळा वायू काढून वजन करणे हाच एक मार्ग आहे, आणि यंत्र ठीक चालत असताना तो खर्च त्याला योग्य वाटत नाही. मे महिन्यात पुन्हा बोलवा, असे तो म्हणाला.

---

शीतयंत्री | २५ जानेवारी २०२५

नाते मान्य आहे, ताई. आणि तो माणूस सोडू नका. ज्याला ‘हे आज सांगता येणार नाही’ असे म्हणता येते, त्याच्या बाकीच्या मोजमापांवर विश्वास ठेवता येतो.

---

मोगरा | २७ मे २०२५

धागा वर काढते आहे. गेल्या आठवड्यात ८८ अंशांच्या दुपारी घर ७८ च्या खाली जाईना, म्हणून त्याच तंत्रज्ञाला बोलावले. या वेळी सबकूलिंग आणि सुपरहीट (वायू पुरेसा आहे का हे दाखवणारी तापमानाची दोन मापे) दोन्ही मोजता आले आणि वायू खरोखरच कमी निघाला. इलेक्ट्रॉनिक शोधकाने आणि साबणाच्या फेसाने गळती घरातल्या कॉइलमध्ये तीन ठिकाणी सापडली. बाहेरच्या युनिटमध्ये एकही नाही.

त्याने तीन पर्याय दिले आहेत : २ पौंड वायू भरून हा उन्हाळा काढणे, फक्त आतली कॉइल २,९०० डॉलरमध्ये बदलणे, किंवा संपूर्ण यंत्रणा बदलणे. सुट्या भागांची दहा वर्षांची हमी संपलेली आहे. म्हणजे पहिला तंत्रज्ञ शेवटी बरोबरच होता का, हा प्रश्न मला सतावतो आहे.

---

शीतयंत्री | २८ मे २०२५

नाही. त्याने न मोजता बाहेरच्या कॉइलला दोष दिला होता आणि गळती आतल्या कॉइलमध्ये निघाली. शिवाय जानेवारीतला बर्फ या गळतीमुळे नव्हता, नाहीतर स्विच बदलल्यावर तो थांबला नसता. अंदाज निम्मा जुळला म्हणून ते निदान ठरत नाही.

आतल्या तांब्याच्या कॉइलला अशी तीन-तीन ठिकाणी सूक्ष्म छिद्रे पडतात त्याला इंग्रजीत मुंग्यांच्या वारुळावरून नाव दिलेले आहे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तांब्यात वारुळासारखी वेडीवाकडी भुयारे दिसतात. घरातल्या हवेतील फॉर्मिक, ॲसेटिक यांसारखी सौम्य आम्ले आणि कॉइलवरील ओलावा यांमुळे ते होते. म्हणूनच अनेक उत्पादक आतल्या कॉइलसाठी ॲल्युमिनियमकडे वळले. तीन छिद्रे दिसली म्हणजे चौथे तयार होत आहे असे धरून चालावे. डाग देऊन उपयोग होणार नाही.

आणि सगळ्यांसाठी एक गोष्ट, कारण भारतात आणि इथेही हा गैरसमज सारखाच आहे : वायू ‘संपत’ नाही. ती बंद वाट आहे. दरवर्षी गॅस भरावा लागतो असे कोणी सांगत असेल तर ते यंत्र दरवर्षी गळते आहे.

---

हिशेबनीस | २८ मे २०२५

आता तरी माझ्या बाजूने कौल द्याल ना? चौदा वर्षांच्या बाहेरच्या युनिटला २,९०० डॉलरची नवी कॉइल जोडणे मला पटत नाही.

---

शीतयंत्री | २८ मे २०२५

या वेळी मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. दोन पौंड वायू भरून उन्हाळा काढावा, गळती हळू आहे, आणि ऑक्टोबरमध्ये निवांतपणे यंत्रणा बदलावी. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत घरगुती वापरासाठी आर-४१०एची नवी यंत्रणा बनवता येत नाही, कारण त्या वायूची तापमानवाढ-क्षमता (कार्बन डायऑक्साइडची १ धरून) २,०८८ आहे आणि नवी मर्यादा ७०० आहे. नव्या यंत्रांत आर-४५४बी किंवा आर-३२ असतो. हे दोन्ही सौम्य ज्वलनशील गटात येतात, त्यामुळे अनेक यंत्रांत आतमध्ये गळती ओळखणारा संवेदक असतो. जुन्या यंत्रांसाठी ४१०ए मिळत राहील, पण त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी होते आहे. सध्या ४५४बीच्या सिलिंडरांचा तुटवडा आहे, तेव्हा ऑक्टोबरपर्यंत थांबणे त्याही दृष्टीने बरे.

---

हिशेबनीस | ८ जुलै २०२५

मोगरा, महत्त्वाची सूचना. ४ जुलैला झालेल्या नव्या कायद्यानुसार ती ३० टक्के कर-सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळणार नाही. पैसे भरण्याची नव्हे, यंत्र बसून सुरू होण्याची तारीख धरली जाते. ऑक्टोबरच्या पुढे ढकलू नका, आणि निवडलेला संच सवलतीला पात्र आहे याचे प्रमाणपत्र आधीच मागून घ्या.

---

मोगरा | २ नोव्हेंबर २०२५

काम झाले. चार कोटेशने घेतली : ९,७००, १२,८००, १३,१०० आणि १६,४००. चौघांपैकी उष्णताभाराचे गणित फक्त दोघांनी केले आणि दोघांचेही उत्तर २.५ टन आले, कारण २०१९ मध्ये आम्ही माळ्यावर उष्णतारोधक थर वाढवला होता. इतर दोघांनी जुन्या युनिटवरची पाटी वाचून ३ टन लिहिले. प्राजक्त, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर मी ९,७०० चा पर्याय आनंदाने घेतला असता.

१२,८०० चा २.५ टनांचा इन्व्हर्टर निवडला. शीतयंत्रींनी निरोपातून दिलेली यादी मी करारातच लिहून घेतली : वायूवाहक तांब्याचे पाइप नवे टाकायचे, सांधे जोडताना आतून नायट्रोजन सोडायचा, मग नायट्रोजनच्या दाबाखाली चाचणी करायची, आणि निर्वात पंपाने ५०० मायक्रॉनच्या (हे आत उरलेल्या दाबाचे माप) खाली जाऊन पंप बंद केल्यावर आकडा स्थिर राहतो का ते मला दाखवायचे. तंत्रज्ञाला याचा राग आला नाही. उलट त्याने मीटर माझ्या हातात दिला. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दहा मिनिटे त्याही आकडा पाहत उभ्या राहिल्या. ३४० वर तो थांबला आणि तिथेच राहिला.

परतीच्या हवेचा डक्ट लहान होता, म्हणून एक जाळी वाढवली. त्यासाठी ६०० डॉलर अधिक लागले. आवाज आता इतका कमी आहे की यंत्र चालू आहे का हे पाहायला मी दोनदा बाहेर गेले.

---

शीतयंत्री | ३ नोव्हेंबर २०२५

फार समाधान वाटले. एक सेटिंग राहिले असेल तर करून घ्या : ३५ अंशांच्या वर विजेचा हीटर नेहमीच्या तापवणीसाठी लागणार नाही अशी मर्यादा थर्मोस्टॅटमध्ये घाला. डीफ्रॉस्टच्या वेळी तो लागेल, ते ठीक आहे. आणि रात्री तापमान सहा-सात अंशांनी उतरवून सकाळी एकदम चढवण्याची सवय असेल तर ती सोडा. गॅस भट्टीला ते चालते, पण हीट पंप पहाटे मागे पडतो, हीटर मदतीला धावतो आणि रात्रीची बचत न्याहारीपूर्वीच खर्च होते.

---

अबोली | ११ जानेवारी २०२६

नमस्कार, मी या धाग्यावर नवीन आहे. आम्ही व्हर्जिनियात राहतो. आमचा हीट पंप बारा वर्षांचा आहे आणि कालपासून बाहेरच्या युनिटवर बर्फ जमला आहे. तंत्रज्ञाने फोनवरच सांगितले की यंत्र बदलावे लागेल, आणि आता तर सवलतही संपली आहे. खूप काळजी वाटते आहे. काय करावे?

---

मोगरा | ११ जानेवारी २०२६

अबोली, घाबरू नका आणि आज कुठेही सही करू नका. थर्मोस्टॅट ‘इमर्जन्सी हीट’वर ठेवा. मग टॉर्च घेऊन बाहेर जा आणि एवढे पाहून सांगा : बर्फ सगळ्या कॉइलवर सारखा आहे, की फक्त खालच्या भागावर आहे?